यमुनाकाकूंची हरकत

जनसुनावणीच्या मंडपात समितीच्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला, तेव्हा यमुनाकाकूंना बरं वाटलं. कारखान्याच्या नाल्याचा तो कुजक्या अंड्यांसारखा वास निदान आज तरी विधिमंडळाच्या समितीपर्यंत पोचला होता. नव्या विधेयकामुळे खाडीकाठी असे आणखी कारखाने येणार होते आणि हरकत नोंदवायला काकू सकाळपासून रांगेत होत्या.

"तुमचं मत आलंय, काकू," साहेब म्हणाले. "आता कुणाला यावं लागत नाही. तुमच्या फोनवरच्या गप्पा ऐकून यंत्रच तुमच्या वतीनं बोलतं. ऐका."

टेबलावरच्या त्या मेल्या डब्यातून काकूंचाच आवाज आला. "वास? छे हो! हवा छान आहे इथली. आमचं अगदी मजेत चाललंय."

नाशिकच्या लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून काकू रोज फोनवर हेच सांगत. रांगेतल्या सगळ्यांचीच पोरं बाहेरगावी होती आणि सगळेच आपापल्या पोरांना हेच सांगत.

"खोटं आहे ते!" काकू ओरडल्या.

"म्हणजे लेकीशी खोटं बोलता?" साहेब रुमालाआडून हसले. "मग लावा फोन. तिला खरं सांगा, मत लगेच बदलेल."

काकूंनी तिरीमिरीत फोन लावला.

"आई, बरी आहेस ना गं? डॉक्टरांनी मला पुन्हा बजावलंय, बाळ होईपर्यंत जिवाला कसलाही ताण नको."

काकूंनी वासानं घशाशी आलेली ओकारी गिळली.

"मी मजेत आहे गं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी नाकावरचा रुमाल न काढताच पुढच्या माणसाला बोलावलं.