पुढच्या तोफेवरचे अण्णा

कापड उचलण्याआधी हर्षिताने माइक आजोबांच्या हातात दिला आणि विचारलं, "अज्जा, सांगा सगळ्यांना. तुमची तोफ कुठली होती?"

भीमसेनअण्णांनी माइक या हातातून त्या हातात घेतला. जयनगरच्या मराठी मंडळाचा हॉल गच्च भरला होता. नौदल दिनानिमित्त त्यांचाच सत्कार होता. टेबलावर मखमलीखाली ‘रणतारा’ची प्रतिकृती होती. महादेवपुऱ्यातली नोकरी सांभाळून, जुने आराखडे मिळवून नातीने ती तीन महिने खपून बनवली होती.

‘रणतारा’ची कुंडली अण्णांना तोंडपाठ. महायुद्धातली इंग्रजांची विनाशिका. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे आली, एकाहत्तरलाही लढली. पुढचं मात्र अण्णांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या लढाईनंतर तिच्या तोफा उतरवल्या आणि तिचं प्रशिक्षण जहाज केलं. पुढच्या तोफेच्या जागी दोनशे पोरांसाठी भटारखाना बांधला. अण्णा भरती झाले ते त्र्याहत्तरला, त्या भटारखान्यातले आचारी म्हणून.

लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, लढाईत काय करत होता. अण्णा बोलून गेले, पुढच्या तोफेवर होतो. तरुण वयात माणूस काय वाटेल ते बोलतो. मग दर गणपतीत त्या तोफेने शत्रूचं एकेक विमान जास्त पाडलं. नाव भीमसेन, त्यामुळे सगळं शोभूनही गेलं.

आज सकाळी मंडळाच्या आचाऱ्याला सांबारात मीठ कमी आहे म्हणून सांगून आले, तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. पोरीने एवढ्या मायेने घडवलेल्या जहाजावर आपली थाप कायमची बसणार, हे त्यांना सहन होईना. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी कावेरीअक्का पदराने चष्मा पुसत होत्या. अण्णांनी तिकडे बघायचं टाळलं.

"माझी तोफ नव्हतीच," ते म्हणाले. "मी गेलो तेव्हा जहाजावर एकही तोफ उरली नव्हती. मी दोनशे पोरांचं सांबार करत होतो. सगळ्यांनी माफ करा."

हर्षिताने हळूच त्यांचा हात मखमलीवर ठेवला.

"सरी अज्जा, बरं, आता उचला. तुमच्या भरतीचं साल आणि काम, दोन्ही मी पेन्शनच्या कागदावर वाचलंय."

अण्णांनी कापड उचललं. जहाजावर तोफ नव्हतीच. पुढच्या तोफेच्या जागी काडेपेटीएवढा भटारखाना होता. डेकवर ताटं घेऊन पोरांची रांग होती आणि दारात नखाएवढा माणूस, हातात पळी घेऊन, ताठ उभा होता.

टाळ्या थांबेनात. मागून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, की विराटाच्या घरी भीमानेही पळीच धरली होती. पुढच्या वर्षीचं सांबार अण्णांकडे, असं चिटणिसांनी माइकवरच जाहीर करून टाकलं. अण्णांचे डोळे भरून आले. पन्नास वर्षांत एवढं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

खाली उतरून ते अक्कांच्या शेजारी बसले. अक्कांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?" अण्णांनी विचारलं. "कधीपासून?"

"लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारपासून," अक्का म्हणाल्या. "दोघांपुरता भात टाका म्हटलं, तर तुम्ही अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा टाकलात."