अकरा मिनिटं

"आता फक्त रॅम्पचं तेवढं राहिलं," असं म्हणत लेफ्टनंट हिमांशूनं फाइलचं पान उलटलं आणि नंदलाल पटलेच्या कपातला चहा बशीत सांडला.

वीस वर्षं तो याच वाक्याची वाट पाहत होता. वाट कसली, धास्ती. मुर्री गावाच्या रस्त्यावर अनोळखी गाडी थांबली तरी तो उठून आत जायचा. आज गाडी खरंच दारात थांबली होती आणि तिच्यातून नौदलाचा अधिकारी उतरला होता. तोही कधी, तर नात हर्षिता आठ दिवसांनी नौदलाच्या ट्रेनिंगला निघायची होती, तेव्हा. घरातलं, गल्लीतलं सगळं बोलणं सध्या तिच्याचभोवती फिरत होतं. आजाचं खोटं बाहेर आलं तर पोरीचे कागद कोण पुढे सरकवणार? नंदलालला तेवढं एकच दिसत होतं.

हिमांशूचं काम तसं साधं होतं. रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारं एक जुनं जहाज पुढच्या महिन्यात सेवेतून निघणार होतं आणि त्याच्या सेवेचा इतिहास छापायचा होता. हिमांशू नागपूरचा, सुटीवर घरी आलेला. त्या जहाजावरचा एक जुना माणूस गोंदियाजवळच राहतो हे कळल्यावर गाडी काढून आला. जहाज कधी पाण्यात उतरलं, कोणत्या वादळात कुठे धान्य पोचवलं, सारं त्यानं वाचून दाखवलं. हर्षिता ओसरीवर बसून ऐकत होती.

"ते जहाज थेट वाळूवर चढायचं ना आबाजी?"

"चढायचं ना. मंग तोंड उघडून ट्रॉलीच्या फाळक्यासारका रॅम्प खाली टाकायचा. तेच माझं काम."

इथवर सगळं ठीक चाललं होतं.

"जहाजाच्या अख्ख्या आयुष्यात रॅम्प एकदाच अडकला," हिमांशू म्हणाला. "वीस वर्षांपूर्वीच्या त्सुनामीनंतर, बेटावरून माणसं काढताना. अकरा मिनिटं. पण दुरुस्तीच्या वहीत काहीच नाही. कुठला भाग बदललेला नाही, तेल गळल्याची नोंद नाही. नेमकं काय बिघडलं होतं, काका?"

धनवंता पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि नवऱ्याकडे पाहून थबकली. "काऊन जी, एवढा घाम काऊन आला?"

नंदलालनं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तो मनानं आत्ता त्या बेटाच्या वाळूसमोर उभा होता. दुसरी लाट येते आहे, असा निरोप आला होता. वरून दुय्यम अधिकाऱ्यानं जहाजातल्या फोनवर हुकूम दिला, रॅम्प उचल, ताबडतोब. समोरून माणसं जिवाच्या आकांतानं धावत येत होती. पाठीमागे जहाजावर शंभर-सव्वाशे सोबती होते. लाट आली असती तर सगळेच गेले असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लिव्हरवर हात होता. तरी तोंडातून निघालं, "अटक गया, साब."

मग फोनवर खुद्द कॅप्टनचा आवाज आला, "आराम से ठीक करो, नंदलाल."

लाट आली नाही. एक्केचाळीस माणसं चढली. पण त्या 'आराम से'नं त्याची झोप उडवली ती कायमची. कॅप्टनला कळलंय, आता तो सवडीनं आपल्याला पकडणार, असं नंदलाल धरून चालला. पुढे जहाजावर असेपर्यंत त्यानं कॅप्टनच्या नजरेला नजर दिली नाही.

आताही खोटं बोलता आलं असतं. तेलाचा पाइप फुटला म्हटलं की सुटका होती. त्यानं तोंड उघडलंही. पण हर्षिता त्याच्याकडेच बघत होती, आणि आठ दिवसांनी ती तोच गणवेश घालणार होती.

"बिघाड नोहता, साहेब. मी खोटं बोललो. बाया पोरं काखेत घेऊन धावून राहिल्या होत्या. मले उचलणं नाही झालं. जे करायचं ते माझं करा, पोरीचं नाव यात आणू नका."

हर्षिता उठून उभी राहिली. धनवंतानं तांब्या खाली ठेवला. हिमांशू मात्र गोंधळून फाइलच चाळत होता.

"मग हे कसं, काका? तुम्ही रॅम्प अडकल्याचं कळवलंत ते आठ वाजून वीस मिनिटांनी. लॉगबुकात तशी वेळ आहे. मुख्यालयानं कॅप्टनसाहेबांना निघून या म्हटलं होतं. त्यावर त्यांनी उत्तर पाठवलं, रॅम्प अडकलाय, निघता येत नाही. ते आठ अठराला. तुमच्या दोन मिनिटं आधी."

नंदलालनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मी त्यांना भेटलो गेल्या महिन्यात. डेहराडूनला असतात, सत्तरीला आलेत. काही आठवत नाही म्हणाले. निघताना मात्र फाटकापर्यंत आले आणि माझा हात धरला. म्हणाले, तो नंदलाल कधी कुणाला काही बोलला का रे?"

नंदलालनं बशीतला थंड चहा पिऊन टाकला. या वेळी एक थेंबही सांडला नाही.

हिमांशूनं पेन उघडलं. "मग काय लिहू, काका?"

"लिहा, रॅम्प अडकला होता," नंदलाल म्हणाला. "अन् साहेबाले सांगजा, आराम से झोपा म्हणा. नंदलाल काईच नाही बोलला."