पालथा हात

वास पहिल्यांदा तावुसला आला. जळक्या केसांसारखा, पण जरा तेलकट. लोकर जळते तेव्हा येतो तसा. तिने खोलीभर नजर फिरवली. विजेची शेगडी लालबुंद झाली होती. टीव्हीवर कुस्ती रंगात आली होती आणि तिचे सासरे सापार आगा लोडाला रेलून एका पैलवानाला मनापासून शिव्या घालत होते. भिंतीवर सासूबाईंनी स्वतः विणलेला लाल गालिचा होता. गालिच्याला लागूनच टांगलेल्या झोळीत तिचा तान्हा केरिम झोपला होता.

माहेरी थंडीतली पहिली शेगडी लागली, की तिचे वडील मुलींना घेऊन घरभर फिरायचे. प्रत्येक बटणाला, प्लगला, वायर गेलेल्या भिंतीला हात लावून बघायचा, तोही पालथा. "झटका बसला तर सुलटा हात आवळून धरतो," ते म्हणायचे, "पालथा मागे येतो." पोरींना तो खेळ वाटायचा.

तावुसने पालथा हात गालिच्यावरून फिरवला. कडेला गार. पण शेगडीच्या प्लगच्या बरोबर वर, जिथे सासऱ्यांनी भिंत रंगवल्यावर नवा खिळा ठोकला होता, तिथे नुकत्याच काढलेल्या रोटीइतका गरम. प्लगमधून वायर भिंतीच्या आतून सरळ वर जाते. खिळा कशात घुसलाय ते तिला कळलं.

पण सांगायचं कसं? डोक्यावरच्या रुमालाचं टोक तिच्या दातांत होतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून, इथल्या सुनांच्या रीतीप्रमाणे, ते तिथेच होतं. सासूबाईंशी कुजबुजायची मुभा होती. सासऱ्यांसमोर मात्र शब्द काढायचा नाही, वडीलधारे स्वतःहून 'सोड' म्हणेपर्यंत. सापार आगांनी सुनेचा आवाज अजून ऐकला नव्हता. सासूबाई अंगणात तंदूरपाशी, नवरा दूर वाळवंटात गॅसच्या विहिरींवर. घरात बोलणारं असं कुणी नव्हतंच.

तिने केरिमला उचललं, बाहेरच्या पडवीत गेली आणि मेन स्विच खाली ओढला.

"गेली," आतून सापार आगा म्हणाले. "गडी बरोबर चीत व्हायच्या वेळेला गेली." ते कण्हत उठले, पडवीत आले आणि त्यांनी स्विच वर केला. टीव्ही पुन्हा ओरडू लागला.

तावुसने त्यांच्या डोळ्यांदेखत तो परत खाली ओढला.

"सूनबाई, हा काय पोरखेळ?"

तिने आत बोट दाखवलं.

"गालिचा? त्याचं काय? त्याला हात लावलास तर तुझी सासू मला घराबाहेर काढेल." आणि ते पुन्हा स्विचकडे वळले.

तावुस मध्ये उभी राहिली. तिने दात उघडले. रुमालाचं टोक सुटून खाली आलं.

"लावू नका, बाबा. आधी गालिच्याला हात लावून बघा. पालथा."

तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला; बारीक, पण न कापणारा. चहाची किटली बोलली असती तरी सापार आगा इतके दचकले नसते. ते मुकाट्याने आत गेले. पालथा हात गालिच्याला टेकवला आणि झटकन मागे घेतला.

तावुसने केरिमला लोडाशी निजवलं. दोघांनी मिळून गालिचा उतरवला आणि पालथा अंथरला. भिंतीवर रोटीएवढा काळा डाग होता. मधोमध खिळा, आणि खिळ्याला चिकटलेली उघडी तार. गालिच्याची पाठही तिथे जळाली होती. शेगडी पेटली की लोकर धुमसत असणार, विझत असणार, पुन्हा धुमसत असणार. तावुसने गालिच्याची कड उचलून पुढून पाहिलं. लाल नक्षी जशीच्या तशी होती, एकही गाठ उसवलेली नव्हती. आग या बाजूला आलीच नव्हती. लोकरीने ती आपल्यातच जिरवली होती. बोटभर जाडीचा तो गालिचा, आणि त्याच्या अलीकडे तिचं पोर झोपत होतं.

"खिळा मी ठोकला," सापार आगा हळूच म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई, बोस्सान, गरम रोट्या घेऊन आल्या. "माझा गालिचा कुणी काढला?" म्हणत पुढे आल्या आणि थांबल्या. रोट्यांचं फडकं एका हातात सावरत गुडघ्यांवर बसल्या. जळक्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"आई मागे लागायची, गाठ घट्ट मार, अजून घट्ट मार," त्या म्हणाल्या. "मला राग यायचा. वाटायचं, मागून कोण बघणार आहे."

मग त्यांचं लक्ष सुनेच्या हनुवटीखाली गेलं. "सूनबाई, रुमाल."

तावुसचा हात रुमालाकडे गेला.

"राहू दे तो सुटाच," सापार आगा म्हणाले. "अजून बाकीच्या भिंती बघायच्यात तिला. आणि मला शिकायचंय."

तावुसने केरिमला कडेवर घेतलं आणि शेजारच्या खोलीत गेली. प्लगच्या वर भिंतीला तिने पालथा हात लावला. ती बाजूला झाली, तशी सापार आगांनी आपला म्हातारा हात पालथा करून बरोबर त्याच जागी टेकवला.

"गार," ती म्हणाली.

"गार," ते म्हणाले.

मग पुढची भिंत. मग त्यापुढची. बोस्सान रोट्या छातीशी धरून दारात उभ्या होत्या. रोट्या गार होत होत्या, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. आपल्या घरातला तो नवा आवाज त्या ऐकत होत्या.