पेन्सिलीचे ठोके

फुटबॉलच्या समालोचकाचे डोळे दोन वर्षांपासून गेल्यातच जमा होते. मैदान म्हणजे नुसतं हिरवं धुकं. रेडिओच्या साहेबांना पत्ताच नव्हता, कारण शेजारी नोंदी ठेवायला बायकोचा धाकटा भाऊ बसायचा. चेंडू ज्याच्या पायात जाईल, त्याच्या नंबराइतके ठोके तो पेन्सिलीने समालोचकाच्या मनगटावर द्यायचा. “भावजी, डोळे माझे, तोंड तुमचं,” म्हणून हसायचा. आज बरोबरीतल्या सामन्याचं शेवटचं मिनिट होतं. मनगटावर पाच ठोके पडले आणि पेन्सिल घरंगळली. “पाच नंबर सुसाट निघालाय!” सवयीने तोंड चालूच राहिलं. स्टेडियम दणाणलं, गोल झाला होता. पुढचे ठोके येईनात. त्याने चाचपडत मेहुण्याचंच मनगट धरलं. तिथे एकही ठोका नव्हता. घरी रेडिओला कान लावून बसलेली बायको ओरडत होती, “अहो, गोल कुणी केला ते सांगा की!”