टर्बाइन थांबलं तेव्हा

सकाळी बरोबर अकराला मिस्त्रींनी टर्बाइन बंद केलं. बावीस वर्षं त्यांनी ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. समुद्रातून काढलेलाच गॅस खायचा, कान किटेपर्यंत ओरडायचं आणि तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मला वीज पुरवायची, असा त्याचा खाक्या. आता ती वीज लांब पाण्यात उभ्या केलेल्या पाच पवनचक्क्यांकडून, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून येणार होती.

त्यासाठी इंजिनीअर बाईंनी तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. आज अट एकच होती. पहिला तासभर मिस्त्री बटणापाशी उभे राहतील आणि वीज दगा देते असं वाटलं, तर कुणाला न विचारता टर्बाइन चालू करतील. पण एकदा बटण दाबलं की चाचणी नापास, आणि पुढची संधी वर्षभरानं.

"काका, आता सगळं तुमच्या हातात," बाई म्हणाल्या. सवयीनं ओरडूनच म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या.

मिस्त्रींचा उजवा हात बटणावर होता. डावा तळहात त्यांनी भिंतीलगतच्या पाइपवर टेकवला. इथल्या गोंगाटात कानांचा काही उपयोग नसे, म्हणून ते पंपांची नाडी अशी हातानं बघत. पोरं त्यावरून हसायची, आणि काही बिघडलं की त्यांनाच बोलवायची.

पाचव्या मिनिटाला जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. झोपलेली रात्रपाळी उठून आली होती. सगळ्यांच्या अंगात लाइफजॅकेट, एकाच्या पायात एकच चप्पल. टर्बाइन गप्प झालं म्हणजे काहीतरी भयंकर झालं, हे त्यांच्या हाडीमाशी इतकं मुरलं होतं, की शांततेनंच त्यांची झोप उडाली. कालच्या नोटिशीवर सगळ्यांच्या सह्या होत्या, ही गोष्ट वेगळी.

"काय गेलं?" त्यांचा मुकादम ओरडला.

"काही गेलं नाही. वाऱ्यावर चाललंय," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आम्हाला वाऱ्यावर सोडलंत," तो म्हणाला, आणि नेमके तेव्हाच दिवे मंदावले.

वारा पडला होता. आता अशा वेळेसाठीच बसवलेल्या बॅटऱ्यांनी भार उचलायला हवा होता. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"दाबा की, काका," मुकादम म्हणाला. "वाट कसली बघताय?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. दिव्यांचं काही का होईना, तळहाताखाली पंपाचा ठोका तसाच पडत होता. एकही चुकला नव्हता. त्यांनी बटणावरचा हात काढला आणि खिशात घातला.

दिवे पुन्हा उजळले.

"बॅटऱ्यांनी आधी पंप धरले, मग दिवे," बाई म्हणाल्या. "ठरवलं होतं तसंच."

"पंपाला तर पत्ताही लागला नाही. चोख काम केलंस, पोरी."

मिस्त्रींच्या तोंडून शाबासकी आजवर कुणी ऐकली नव्हती. अर्थात, दिली असती तरी ऐकू आली नसती.

तास संपल्यावर त्यांनी घरी फोन लावला. बावीस वर्षं हा फोन म्हणजे दोन वाक्यं, तीही टर्बाइनच्या वरताण आवाजात. "हॅलो, मी बोलतोय," ते म्हणाले.

"काय झालं?" बायकोनं घाबरून विचारलं. "असे का बोलताय? बरं नाही का?"

"सगळं ठीक आहे. टर्बाइन बंद केलं. आता ओरडावं लागत नाही, एवढंच."

"मग आज लगेच ठेवू नका," ती म्हणाली. "बोला काहीतरी."