बावीस मिनिटं बंद

एंटर दाबल्यावर तिसऱ्या सेकंदाला वैदेहीला कळलं, की ही सरावाची खिडकी नाही. स्क्रीनवर एकेक ओळ सरकत होती. शोधसेवा, हटवली. साठ्याची यादी, हटवली. लॉगिन, हटवलं. तिने सगळं थांबवायला कंट्रोल-सी तीनदा दाबलं, पण हुकूम केव्हाच पुढे गेला होता. सर्व्हर सांभाळणारा प्रोग्रॅम, कुबरनेटीस, मोठा आज्ञाधारक. एखादा कंटेनर, म्हणजे ॲपचा चालता तुकडा, आपणहून मेला, तर तो लगेच दुसरा उभा करतो, कुणाला पत्ताही लागू देत नाही. पण मालकानेच सगळं पुसून टाक म्हटलं, की तितक्याच इमानाने पुसूनही टाकतो.

दर बुधवारी साडेअकराला या ऑफिसात तालीम असे. सरावाच्या क्लस्टरमधलं, म्हणजे सर्व्हरांच्या संचातलं, सगळं उडवायचं आणि घड्याळ लावून पुन्हा उभं करायचं. ही प्रथा टीमचा मुख्य मुकुंद याने पाडली होती, आणि तिचा त्याला भारी अभिमान. आज वैदेहीने महिन्याच्या अहवालासाठी सकाळी खऱ्या क्लस्टरला जोडून घेतलं, आलेख काढला, खाली जाऊन चहा प्याली, वर आली आणि जोडणी न बदलताच तालमीला बसली. दोन्हीकडची नावं सारखीच. फरक काय तो कोपऱ्यातल्या एका शब्दाचा, आणि तिकडे तिने पाहिलंच नाही.

साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावरची लस कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे, ते पारशिवनीकडच्या गावांतल्या आशाताईंना मोबाईलवर दाखवायचं, एवढंच त्या ॲपचं काम. ॲप एका संस्थेचं होतं. ते अखंड चालू ठेवायची जबाबदारी नागपूरच्या प्रताप नगरातल्या या सहा माणसांच्या कंपनीकडे होती. चौदा महिन्यांत ते एक मिनिटही बंद पडलं नव्हतं. त्याबद्दल संस्थेने कौतुकाचं पत्र पाठवलं होतं, आणि मुकुंदने ते फ्रेम करून दारासमोर टांगलं होतं. येणाऱ्या कुरिअरवाल्यालाही तो ते वाचायला लावायचा.

"दादा," वैदेहीने हाक मारली. "मी खरं क्लस्टर उडवलं."

मुकुंद खुर्चीसकट घरंगळत आला. स्क्रीन पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाप रे! काय करून ठेवलं हे?" मग तिच्याकडे पाहून तो आवाज खाली आणत म्हणाला, "रडू नको आता. तालीमच आहे समज. लाव घड्याळ."

माहितीचा साठा क्लस्टरच्या बाहेर होता, तो सुखरूप होता. बाकी सगळं तिने तालमीतल्या क्रमानेच उभं केलं. बोटं चालत होती, डोकं बंद होतं. एकेक कंटेनर हिरवा होत गेला. अकरा अडतीसला गेलेलं ॲप बरोबर बाराला परत आलं.

"बावीस मिनिटं," मुकुंदने कपाळ पुसलं. "कोणाले कळलं पण नसेल. जाय, जेवून घे."

पण क्लस्टरच्या दारावर आल्या-गेल्याची नोंद ठेवणारा भाग वेगळा होता, तो पुसला गेला नव्हता. वैदेहीने ती नोंद उघडली. अकरा चव्वेचाळीस, अकरा शेहेचाळीस, अकरा एक्कावन्न. तिन्ही वेळा एकच फोन आणि एकच शोध: साप चावला, लस तातडीने. तिन्ही वेळा दार बंद.

कुणीतरी तिकडे विव्हळत पडलं असेल, आणि शेजारी एक बाई पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत असेल. आपल्या एका एंटरने माणूस मेला, दुसरं काही तिला सुचेना. तिने नोंदीतला नंबर फिरवायला घेतला.

"काहून फोन लावून राहिली?" मुकुंद दबक्या आवाजात म्हणाला. "झालं ते झालं."

तिने लावलाच. नंबर गोपिका नावाच्या आशाताईंचा होता.

"गोपिकाताई, नागपूरहून बोलतेय, लशीच्या ॲपवाली. तुम्ही मघाशी तीनदा शोधलं. पेशंट कसा आहे?"

"कोणता पेशंट, मॅडम?"

"साप चावलेला."

"कोनालेच नाही चावला. मी तं हजेरी लावून राहिली होती. बाराच्या आत एकदा शोधलं नाही, तं संस्थेवाल्या सरांचा फोन येते. पयलं बटन सापाचं हाय. आमी साऱ्याजणी रोज तेच दाबतो."

वैदेहीला हसू आलं, रडूही आलं. तिने मुकुंदला हातानेच सांगितलं, काही झालेलं नाही. त्याने देवाला हात जोडले. जीव भांड्यात पडला, की माणूस थोडं जास्तच बोलतो. तीही बोलली.

"पण ताई, खरंच कुणाला चावला आणि असं बंद असलं, तर हो?"

"तवा आमी त्यात पाहतच नाही नं. चारी दवाखान्यांले फोन लावून इचारतो."

"का बरं?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या रुपरावच्या काजलले चावला. सात वर्साची पोरगी. मोबाईलनं जो दवाखाना दाखवला, तिथं नेली. तिथली लस संपून महिना झाला होता. दुसरीकडं पोचेपर्यंत लेकरू गेलं."

वैदेहीला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"त्या दिवशी..." ती कशीबशी म्हणाली, "त्या दिवशी सिस्टीम बंद पडली असेल, ताई."

"नाही वं बाई," गोपिकाताई म्हणाल्या. "चालूच होती."