वजनावर घेतलेला कॉम्प्युटर

विलिकेसा कॉम्प्युटरचे रंगीत दिवे बघत नव्हता. प्रत्येक कॉम्प्युटर तो दोन्ही हातांनी उचलून पुन्हा खाली ठेवत होता. फिजीतल्या सुवा शहरात, प्रवीणभाईंच्या दुकानात त्याचं हे कित्येक आठवडे चाललं होतं.

"गेमचा कॉम्प्युटर घेतोयस की दालोचे कंद?" प्रवीणभाई म्हणाले. " हा लॅपटॉप घे. तुझ्या बजेटमध्ये बसतो, कुठेही नेता येतो."

"मागचा चुलतभावाने नेलाच. नातेवाइकाने मागितलं, की आमच्यात नाही म्हणत नाहीत."

प्रवीणभाईंनी कोपऱ्यातल्या लोखंडी कॅबिनेटच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. विलिकेसाला तो जेमतेम हलवता आला.

"किंमत तेवढीच, गेमही चालतील. पण घरी नेणार कसा?"

"तोच चुलतभाऊ येतोय उचलायला. एकदा त्याची कंबर धरली, की पुन्हा मागणार नाही. हाच द्या."